पुसायचं, घासायचं नाही

६ फेब्रुवारी

ताई,

फोनवर बोललो की आपलं भांडण होतं, म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही आणि मला फोन आपटता येत नाही. दोघांचीही सोय.

मी थकलोय. ही तक्रार नाही, बातमी आहे. जूनमध्ये शाळा उघडतात, त्याआधीचे हे चार महिने गणवेश शिवायचा हंगाम असतो आणि शहरातली सगळी शिलाई मशीनं नेमकी याच दिवसांत आजारी पडतात. आमच्या दुकानात ती हातगाडीवरून येतात, टेम्पोतून येतात, परवा एक बाई तर डोक्यावर घेऊन आली. उघडायचं, रॉकेलने धुवायचं, पुसायचं, तेल द्यायचं, चालवून बघायचं, की पुढचं. उस्तादांचा एकच मंत्र. "पुसायचं, घासायचं नाही. आपण मशीनला अंघोळ घालतो, हजामत करत नाही." एखाद्याने कानस हातात घेतली की मांजराला हाकलावं तसं हाकलतात.

काल दुपारी मी पेचकस हातात धरून बसल्या बसल्या झोपलो. तोंड उघडं. आणि नेमकी टाचणी आली. तुला तिच्याबद्दल सांगितलं नव्हतं. समोरच्या माडीवर आईबरोबर शिवणकाम करते. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, त्यामुळे अर्धं बोलणं ओठ मिटून. म्हणून टाचणी. माझ्याकडे बघून म्हणाली, "माशी जाईल." बस, एवढंच. ताई, मी त्या दोन शब्दांवर आठवडा काढीन.

तिच्या घरी स्थळं बघतायत. तिच्या आईने उस्तादांना विचारलं, हा मुलगा कामाला टिकेल का? उस्ताद म्हणाले, "हंगाम काढला तर टिकेल." मी कॉलेज सोडून, ओळखपत्र प्राचार्यांच्या टेबलावर आपटून घरी आलो तेव्हा बाबा काय म्हणाले होते, आठवतं ना? "हा कुठेच टिकायचा नाही." तर आता हंगाम काढायचा. जीव गेला तरी.

दुकानात एक आहे, कशालाही औषध सांगतो म्हणून सगळे त्याला कंपाउंडर म्हणतात. तो म्हणतो, "झोप ही सवय आहे, मोडता येते." बघू.

तुझा
भुंग्या

१३ फेब्रुवारी

भुंग्या,

आशीर्वाद नंतर, आधी जेव. पत्रात सगळं लिहिलंस, जेवलास काय ते नाही.

माझ्या पाळणाघरात रोज दुपारी पोरांना झोपवायचं असतं. "मला झोप येतच नाही" म्हणून जो सगळ्यांत मोठ्याने ओरडतो तोच सगळ्यांत आधी कलंडतो. तुझ्या कंपाउंडरला माझ्याकडे पाठव, पायांवर घेऊन थोपटते.

टाचणीचं म्हणशील तर बरं लक्षण आहे. माशी जाईल म्हणाली म्हणजे निदान तोंडाकडे बघितलं. पण "जीव गेला तरी" वगैरे लिहीत जाऊ नकोस. तुला वाटतं शोभून दिसतं. मला इथे पोरांचे लंगोट धुताना ते आठवत राहतं.

हंगाम दरवर्षी येतो रे.

ताई

२ मार्च

ताई,

तुला खरं वाटणार नाही पण मी आता थकतच नाही! डोक्यात कुणी झाडून काढल्यासारखं लख्ख झालंय, हात आपोआप चालतात, उस्तादांचं एक मशीन जोडून होईपर्यंत माझं हातावेगळं होऊन पुढचं उघडलेलं असतं. ते म्हणाले, "अरे, मशीन तू चालवतोयस की मशीन तुला?" कौतुकच केलं म्हणायचं. डबा तसाच परत जातो म्हणून खानावळवाली कातावते, पण भूकच नाही तर काय करू, आणि झोप म्हणशील तर झोपेत माणसाचं अर्धं आयुष्य वाया जातं, ते आता माझ्या हातात आलंय असं समज.

टाचणीशी काल जिन्यात अर्धा तास बोललो. म्हणजे मी बोललो, तिच्या तोंडात टाचण्या होत्या. मी तिला सांगितलं की स्वतःचं दुकान काढणार, वर राहायच्या खोल्या, खिडकीत तिचं मशीन, डाव्या बाजूने उजेड. सगळं दिसत होतं मला. जाताना तिने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "श्वास घे जरा." काळजी करते बघ!

चहा फार होतो इतकंच. चहाचाच प्रताप आहे हा सगळा. दात थोडे दुखतात. बाबांना सांग, टिकलोय म्हणावं.

तुझा
भुंग्या

८ मार्च

भुंग्या,

तुझं पत्र तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं. म्हणाले, "गडी गेला कामातून." आम्ही दोघं खूप हसलो. अन्न गोड लागत नाही, झोप उडाली, एकटाच बडबडत सुटलाय, या आजाराला कुठल्याही दवाखान्यात औषध नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा मीही नीट जेवत नव्हते. तुला आठवत असेलच, माझ्या वाटचं तूच खायचास.

तिला दुकानाची स्वप्नं सांगतोस ते ठीक, पण मध्ये थांबून तिला काय हवंय तेही विचार.

आणि पेन इतकं दाबून लिहू नकोस. कागद दोन ठिकाणी फाटलाय.

ताई

१९ मार्च

ताई,

पेन दाबतो म्हणालीस. तुझ्यापासून काही लपत नाही, आणि लपवायचं तरी काय? मी काय चोरी केलीय?

चहा नाही, गोळी आहे. कंपाउंडर आणतो. आम्ही तिला चावी म्हणतो. "आज चावी दिली का?" म्हणजे घेतली का. अर्धा बाजार हंगामात हिच्यावर चालतो, असं तो म्हणतो. ही दारू नाही ताई. दारूने तोल जातो, हिने तोल येतो. आधी अर्धी पुरायची, आता अर्धीने नुसत्या जांभया येतात. मध्यंतरी एक दिवस घेतली नाही तर पावसात राहिलेल्या गोणीसारखा पडून होतो, कुणी हाक मारली तरी रडू यायचं. म्हणजे हंगाम होईपर्यंत घेणं भाग आहे. नंतर सोडणार. आडवा झालो की छातीत रिकाम्या मशीनवर कुणी पायडल मारत बसल्यासारखं होतं, जबडा थांबत नाही. पण आडवं व्हायला वेळ कुणाला आहे?

खरी बातमी पुढे आहे. टाचणीचं मशीन टाके सोडतंय. तिच्या आईचं आहे, जुनं, अजून पायावर चालणारं. एका शाळेचे सगळे गणवेश तिने एकटीच्या हिमतीवर अंगावर घेतलेत. मी म्हटलं, दे माझ्याकडे, नवं करून देतो. ती कचरली. म्हणाली, "तेल घालून दे फक्त. दुसऱ्या कशाला हात लावू नकोस. हे बंद पडलं तर मी बंद पडले." मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही? तेव्हा दिलं.

ताई, तिचं मशीन माझ्या टेबलावर आहे. ती आपला हातच माझ्याकडे ठेवून गेल्यासारखं वाटतंय.

भुंग्या

२३ मार्च

भुंग्या,

मी हसले होते. तुझ्या पत्राला मी हसले होते. हे आता माझ्या डोक्यातून जात नाही.

तुझे भाऊजी माल वाहायचे तेव्हा त्यांच्या जोडीला एक ड्रायव्हर होता. अशीच गोळी घ्यायचा, असाच म्हणायचा की मी थकत नाही. भर दुपारी मोकळ्या रस्त्यावर त्याने कचकन ब्रेक मारला. त्याला समोर बायका रस्ता ओलांडताना दिसत होत्या. रस्त्यावर कुणी नव्हतं. मागून येणारी गाडी मात्र होती. भाऊजींनी हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा काल सांगितलं, तुझं पत्र हातात धरून. झोप मोडत नसते रे. ती कुठेतरी साठते आणि उघड्या डोळ्यांत येऊन बसते.

तिचं मशीन आहे तसं परत दे. तू इकडे ये. रागावणार नाही, बाबांना कळवणार नाही. नुसता ये आणि झोप.

मी उस्तादांना फोन केला होता. सगळं सांगितलं. तुला आवडणार नाही, माहीत आहे.

ताई

२९ मार्च

तू फोन केलास. मला न विचारता केलास. शाब्बास.

आता उस्ताद माझ्याकडे बघत नाहीत. म्हणजे बघतात, पण मी मान वर केली की बघत नाहीत. म्हणाले, "चार दिवस घरी जा." म्हणजे जागा मोकळी कर. कुणासाठी, ते मला कळत नाही असं वाटतं त्यांना. टाचणी रोज येऊन विचारते, "झालं का मशीन?" आणि वळताना कंपाउंडरकडे बघून हसते. काल मी त्याची गचांडी धरली. "वेडा झालास का?" म्हणाला. हसतच होता. तुझ्या पत्राचं पाकीट माझ्याकडे यायच्या आधी उघडलेलं होतं. खरं सांग, तूही त्यांच्यात आहेस का?

मशीन होणार आहे. मी काही विसरलेलो नाही. पांढऱ्या फडक्यावर सगळे भाग मांडलेत. सुईखाली चंद्रकोरीसारखं एक शटल असतं, ते झुलत झुलत खालचा धागा वरच्यात अडकवतं. त्यावर एक रेघ होती. बारीक, नखाला लागेल न लागेल इतकी. पॉलिश पेपरने घालवली तर शेजारी दुसरी दिसली. ती घालवली तर पहिली परत आली. मग शटल ज्यात बसतं ते घरही खरखरीत वाटायला लागलं. सगळे म्हणतात पुसायचं. पुसून काय होतं? वरवर होतं! तिच्यासाठी वरवरचं चालायचं नाही.

बोटांत लोखंडाचा कीस शिरलाय. कातडीखाली चालतो, कोपरापर्यंत गेलाय. सुईने काढतोय, निघत नाही.

मला पत्र लिहू नकोस.

४ एप्रिल

भुंग्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितेय. भाऊजी आजच्याच गाडीने निघालेत, ही चिठ्ठी त्यांच्याच हातात दिलीय. पाकीट मुद्दाम उघडं ठेवलंय, म्हणजे कुणी फोडलं असं वाटायला नको.

मी कुणाच्यात नाही. मी तुझी ताई आहे. त्यांच्याबरोबर ये.

११ एप्रिल

ताई,

भाऊजींनी इथे दवाखान्यात कागद आणून दिला. अक्षर वेडंवाकडं आलंय. सावकाश वाच.

ते पोचायच्या आधीच मी दुकानात पडलो होतो, हे तुला त्यांनी कळवलंच असेल. कसा, ते मी सांगतो.

मशीन जोडून टाचणीसमोर ठेवलं. आरशासारखं चमकत होतं. तिने एक चिंधी ठेवली, धागा ओवला, पायडल मारलं. सुई वरखाली झाली, कापड पुढे सरकलं आणि टाका एकही नाही. नुसती भोकं. तिने परत ओवलं. परत भोकं. तिची आई म्हणाली, "अगं, सुई उलटी लागली असेल." सुई बरोबर होती. उस्तादांनी शटल काढून उजेडात धरलं. मला वाटलं ओरडतील. ते हळूच म्हणाले, "याचं टोक कुठंय?"

टोक नव्हतं, ताई. ज्या टोकाने धागा उचलायचा ते मी घासून संपवलं होतं. त्याचं घरही इतकं झिजवलं होतं की शटल आत खुळखुळ्यासारखं वाजत होतं.

मी ओरडलो म्हणे की तुम्ही बदललंत, खरं शटल तुम्ही लपवलंत. टेबल उलथवलं म्हणे. मला ते आठवत नाही. छातीवर कुणीतरी येऊन बसलं आणि डावा हात माझा राहिला नाही, हे आठवतं. टाचणीने तोंडातल्या टाचण्या तळहातावर काढल्या आणि ती पाणी आणायला धावली. तेही आठवतं.

इथल्या डॉक्टरीण बाईंनी विचारलं, काय घेत होतास? मी म्हटलं, चहा. भाऊजींनी खरं सांगितलं. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आधीच सांगितलं असतं तर औषध नीट देता आलं असतं. आणि तू थांबला नसतास तर हृदय थांबलं असतं. दोघांपैकी एकाला थांबावं लागतंच." मग मला झोप लागली. उठलो, खाल्लं, परत झोपलो. जन्मभराचं झोपलो असेन, पण थकवा जात नाही. कशाचीच चव लागत नाही. समोरच्या भिंतीवर ऊन येतं आणि जातं, मला त्याचं काहीच वाटत नाही. हाताला पट्ट्या आहेत. कीस वगैरे काही नव्हतं. नुसती कातडी होती.

कंपाउंडर येऊन गेला. उशाशी बसला. जबडा चालू, गुडघा हलतोय. फळं ठेवून म्हणाला, "लवकर उठ, हंगाम चालू आहे." मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. तो इतका दमलेला दिसत होता, आणि त्याला ते कळत नव्हतं.

उस्तादही आले. मी विचारलं, काही करता येईल का? म्हणाले, "लावलेलं काढता येतं. काढलेलं लोखंड परत लावता येत नाही." तिचे गणवेश दुसऱ्याकडे गेले.

टाचणी आली नाही. का यावं?

भुंग्या

३ जून

तुला,

पत्राच्या वर काय लिहावं कळलं नाही. मनात मी तुला टाचणी म्हणतो, हे तुला माहीत नसेल. राग आला तर फाडून टाक, पण पाकिटातली वस्तू काढून घे आधी.

मी ताईकडे आहे. ती पाळणाघर चालवते. दुपारी पोरांची अंथरुणं घालायचं काम माझ्याकडे आहे. घालून झाली की रांगेत शेवटी मीही आडवा होतो. एक पोरगी मला रोज दटावते, "काका, डोळे मिट." मिटतो. कधी झोप लागते, कधी नाही.

बरा झालो असं लिहिणार होतो, पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही. अजून दुपार उतरली की जीभ गोळी शोधते. दोनदा पिशवी भरून गाडीच्या थांब्यापर्यंत गेलो, कंपाउंडरकडे जायला. दोनदा परत आलो. पहिल्या वेळी ताई घ्यायला आली होती. दुसऱ्या वेळी माझा मीच आलो. पुढच्या वेळचं माहीत नाही.

मी तुला सांगत होतो की खिडकीत तुझं मशीन असेल. तुला काय हवंय, ते तू आधीच सांगितलं होतंस. "तेल घालून दे फक्त." माझ्या कानात शिरलं नाही. मी प्रेम म्हणून जे करत होतो ते तुझ्यासाठी नव्हतंच. मला नुसतं थांबता येत नव्हतं.

तुझं उत्तर मागत नाही. तुझ्या घरचे बघतायत तिथे सुखाने ठरू दे. हे लिहिताना पेन दाबलं गेलं, तेवढं माफ कर.

सोबत शटल आहे. इथल्या भंगारवाल्याकडे तुझ्याच जातीचं एक मशीन पडलं होतं, त्यातलं काढलंय. एका बाजूला थोडा गंज आहे. असू दे. पुसलंय फक्त. घासलेलं नाही.

१४ जून

ताई,

तुम्हाला ताईच म्हणते. तुमच्या भावाच्या तोंडून दुसरा शब्द कधी ऐकला नाही.

पत्र तुम्हाला लिहितेय, त्याला नाही. त्याला लिहिलं तर तो त्यातून काहीतरी उभं करील, खिडकीसकट.

शटल पोचलं. उस्तादांनी बसवून दिलं. त्याचं घर झिजलेलं असल्यामुळे ते आत हलतं, आवाज करतं. आई म्हणाली, दे भंगारात. मी दिलं नाही. त्याच मशीनवर मी शिकले.

माझ्या घरी मी सांगितलंय, स्थळांची घाई नको. ते त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे. हे त्याला नीट समजावून सांगा, किंवा सांगूच नका.

आणखी एक आहे. ते त्याला कधी सांगायचं ते तुम्ही ठरवा. दुकानातला तो कंपाउंडर गेला. मागच्या आठवड्यात, कामावरच, पेचकस हातात धरून. हंगाम संपला होता तरी त्याची गोळी संपली नव्हती. मी सुया आणायला गेले होते. तो टेबलाशी बसला होता, मान मागे, तोंड उघडं. मला वाटलं, दमलाय बिचारा, झोपलाय एकदाचा. मी त्याला म्हटलं, "माशी जाईल." दोनदा म्हटलं. मग उस्ताद उठून आले.

मी तेव्हापासून तोंडात टाचण्या धरत नाही. मशीनवरच्या छोट्या उशीला टोचून ठेवते.

तुमचा भाऊ दुपारी झोपतो असं त्याने लिहिलंय. कुणीतरी जवळ असू द्या. श्वास चालू आहे ना, बघत जा. तुम्ही बघत असालच.

मशीनचं विचारील, म्हणून सांगते. जोरात चालवलं की टाके सुटतात. सावकाश चालवलं तर धरतं.